सुईची भीती, आकड्यांची चूक : आयव्हीएफची इंजेक्शनं घरी घेताना

इंजेक्शन रूममध्ये माझ्यासमोर बसणारी जवळजवळ प्रत्येक बाई पहिला प्रश्न तोच विचारते, "सिस्टर, खूप दुखतं का हो?" इतक्या वर्षांत पहिल्याच दिवशी "सिस्टर, ही सिरिंज किती आकड्यांची?" असं विचारणारी मला भेटलेली नाही. रात्री साडेनऊला येणारे घाबरेघुबरे फोन मात्र सगळे याच न विचारलेल्या प्रश्नाचे असतात. सुई बोचली म्हणून कुणाची आयव्हीएफची सायकल, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळासाठीच्या उपचाराची एक फेरी, वाया गेलेली मी पाहिली नाही. चुकीचा आकडा, चुकलेली वेळ आणि फ्रीजमध्ये बर्फ झालेलं औषध, या तिघांनी वाया गेलेल्या पाहिल्यात.

म्हणून हा लेख त्या तिघांना टाळण्यासाठी लिहितेय. औषध कोणतं, डोस किती, किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर असतं आणि तेच खरं. तो कागद आणि तुमची कातडी यांच्यामध्ये जे काही घडतं, तेवढंच इथे आहे.

पिशवीत नेमकं काय आहे

मेडिकलमधून थर्मोकोलचा डबा घरी आला की आधी सगळं टेबलावर मांडा आणि कागदाशी एकेक नाव जुळवा. साधारण चार प्रकारची औषधं असतात.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरू होतं ते बीजं वाढवणारं इंजेक्शन. यातलं एफएसएच हे हार्मोन पेनमध्ये (पेनासारखं दिसणारं, चकती फिरवून डोस लावायचं इंजेक्शन) किंवा भरलेल्या सिरिंजमध्ये मिळतं, नाहीतर एचएमजी म्हणजे पांढऱ्या पावडरीची छोटी बाटली असते. ही बहुधा आठ ते बारा दिवस चालतात आणि दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करून डोस कमीजास्त होतो. एचएमजीची एक गंमत सांगते. पाळी थांबलेल्या बायकांच्या लघवीत हे हार्मोन भरपूर असतं. इटलीत ते औषध म्हणून बनवायला घेतलं तेव्हा लघवी गोळा केली होती ती कॉन्व्हेंटमधल्या वयस्कर जोगिणींची. ज्यांनी संसारच केला नाही त्यांच्यामुळे दुसऱ्यांच्या घरी पाळणे हलले! १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळासाठी एचएमजीच वापरलं होतं.

चार-पाच दिवसांनी त्यात भर पडते ती बीज वेळेआधी फुटू नये म्हणून दिलेल्या इंजेक्शनची, म्हणजे सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्सची. काही पद्धतींत त्याऐवजी ल्युप्रोलाइड आधीपासूनच चालू असतं. मग येतो ट्रिगर, म्हणजे बीजं शेवटची पिकवणारं इंजेक्शन, एकदाच आणि घड्याळ लावून. शेवटी, गर्भाशयाच्या अस्तराला आधार म्हणून प्रोजेस्टेरॉन.

ल्युप्रोलाइडबद्दल एक सावधगिरी. रोज थोडं थोडं घ्यायची छोटी बाटली वेगळी आणि महिनाभर पुरणारं ३.७५ मिलिग्रॅमचं डेपो इंजेक्शन वेगळं. नाव एकच. मेडिकलवाल्यानं "हेच आहे हो ताई" म्हटलं तरी खोक्यावरचा आकडा कागदाशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल घ्या, एक्स्पायरी पाहा आणि औषध त्यानं फ्रीजमधून काढलं की काउंटरमागच्या फळीवरून, तेही बघून ठेवा. मैत्रिणीच्या सायकलमधलं उरलेलं पेन "वाया कशाला घालवायचं" म्हणून कुणी देऊ केलं तर प्रेमानं नाही म्हणा. ते कुठे आणि कसं ठेवलं होतं हे तिलाही नीट आठवत नसतं, आणि पेन तर सुई बदलूनही दोघींत वापरायचं नसतं.

फ्रीजमधली जागा

बहुतेक इंजेक्शनांना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. काही २५ अंशांपर्यंत बाहेर राहू शकतात, पण एप्रिल-मे महिन्यात जळगाव-अकोल्यात तर सोडाच, पुण्यातही दुपारी घरात २५ अंश कुठे असतात? म्हणून खोक्यावर बाहेर ठेवायची मुभा असली तरी उन्हाळ्यात फ्रीजच बरा.

फ्रीजमध्येही कुठेही चालत नाही. दारात ठेवलं तर दार उघडलं की गरम हवा लागते. जुन्या एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालची फळी इतकी गार होते की तिथे कोथिंबीरही काचेसारखी होते. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता, झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्याचा आणखी एक उपयोग आहे, तो बायकाच मला सांगतात. एकत्र कुटुंबात सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं आणि स्टीलच्या डब्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. फक्त घरातल्या एका तरी माणसाला तो डबा फ्रीजरमध्ये सरकवायचा नाही हे माहीत असू द्या. एकदा गोठलेलं औषध विरघळल्यावर दिसतं अगदी पूर्वीसारखंच, पण ते वापरायचं नाही.

लाइट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. प्रवासाला जेल पॅक घ्या, पण तो औषधाला थेट चिकटू देऊ नका. मध्ये वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या घाला, नाहीतर वाटेतच बर्फ होईल. रात्रीच्या बसनं जात असाल तर पिशवी डिकीत न टाकता मांडीवर ठेवा. विमानात हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. उन्हात लावलेल्या गाडीत तर "पाच मिनिटांसाठी"सुद्धा नको.

आकडा

आता मुख्य मुद्दा. नीट वाचा, शक्य असेल तर नवऱ्यालाही वाचून दाखवा.

एका इंजेक्शनात चार वेगवेगळी मापं एकमेकांत मिसळतात. औषधाची ताकद युनिटमध्ये असते (७५, १५०, २२५), काहींची मिलिग्रॅममध्ये. द्रव मिलिलिटरमध्ये असतो. आणि इन्सुलिनच्या सिरिंजवर वेगळेच आकडे छापलेले असतात. सिरिंजवरचे हे आकडे इन्सुलिनसाठी आहेत. तुमच्या एफएसएचच्या युनिटशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. "दीडशे युनिट सांगितलंय आणि सिरिंजवर तर शंभरच आहेत, मग दोनदा टोचू का?" असा फोन मला खरंच आलेला आहे.

त्यात आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाची, जिच्यात ४० आकडे म्हणजे १ मिली, आणि नारिंगी टोपणाची, जिच्यात १०० आकडे म्हणजे १ मिली. घाईत दुकानदार कोणतीही देतो. आता हिशोब बघा. समजा सिस्टरनं लाल सिरिंजवर दाखवून "वीस आकडे" सांगितलं, म्हणजे अर्धा मिली. घरी दुसऱ्या दिवशी नारिंगी सिरिंज आली आणि तुम्ही वीसवरच थांबलात, तर गेलं ०.२ मिली, निम्म्याहून कमी. उलटं झालं तर अडीच पट. औषध तेच, हात तोच, आकडाही तोच, तरी डोस चुकला.

यावर उपाय एकच, डोस नेहमी मिलीमध्येही विचारून घ्या. "मॅडम, म्हणजे किती मिली? कोणत्या टोपणाची सिरिंज?" हे वहीत लिहा. डॉक्टर घाईत असले तरी विचारा. पहिल्या दिवशी दिलेल्या सिरिंजचं टोपण वहीत चिकटवून ठेवणारी एक शिक्षिका आमच्याकडे होती. त्यानंतर मी ते सगळ्यांना सुचवते.

डोस बदलल्याचा निरोप आजकाल व्हॉट्सॲपवर येतो. तो आला की तसाच परत लिहून पाठवा : "आजपासून २२५ ऐवजी १५०, बरोबर?" होकार आला की मग वहीत. नवऱ्यानं फोनवर ऐकून सांगितलेला डोस हा डोस नव्हे, निरोप असतो.

पेन

पेनमध्ये हा गोंधळ नाही, म्हणून महाग असूनही पेन सोपं वाटतं. नवी सुई लावा. पेन पहिल्यांदाच वापरत असाल तर टोकावर बारीक थेंब दिसतोय का बघा. पेनवरच्या छोट्या खिडकीत डोस येईपर्यंत चकती फिरवा, टोचा, बटण पूर्ण दाबा, दाबलेलं ठेवूनच मनात दहा आकडे मोजा आणि मग सुई काढा. खिडकीत शून्य दिसलं पाहिजे. शून्याऐवजी, समजा, ५० दिसले तर पेनमधलं औषध संपलं आणि ५० युनिट जायचे राहिले. तेवढेच नव्या पेनमधून घ्यायचे, पूर्ण डोस पुन्हा नाही. सुई लगेच काढून टाका. ती लावून ठेवली तर औषध गळतं आणि हवा शिरते. सुरू केल्याची तारीख पेनवर लिहा, कारण उघडलेलं पेन ठरावीक दिवसच चालतं. बऱ्याच पेनांत ते २८ दिवस असतात, तुमच्या पेनचे किती ते आतल्या पत्रकावर सापडेल.

पावडरची बाटली

इथे हात बसायला दोन दिवस लागतात. पहिल्या वेळी सेंटरवर सिस्टरसमोर स्वतः करा. नुसतं पाहून येत नाही.

साबणानं हात धुवा आणि स्वच्छ पुसलेल्या जागेवर सगळं मांडा. पाण्याच्या छोट्या काचेच्या कुपीला, म्हणजे ॲम्प्यूलला, मानेवर ठिपका असतो. मान कापसात धरा, ठिपका आपल्याकडे ठेवा आणि आपल्यापासून लांबच्या दिशेनं मोडा. बाटलीचं रबर स्पिरिटनं पुसून वाळू द्या. जाड सुईनं १ मिली पाणी ओढा आणि ते बाटलीच्या काचेवरून हळूहळू सोडा, पावडरीवर जोरात मारू नका. मग बाटली दोन तळहातांत धरून गोल फिरवा, रवी फिरवतो तशी. हलवायची अजिबात नाही, फेस होतो. पाण्यासारखं स्वच्छ झालं तर घ्यायचं. गढूळ दिसलं किंवा कण तरंगले तर बाजूला ठेवून फोन करा.

डोस १५० असेल आणि बाटल्या ७५ च्या, तर पहिल्या बाटलीतलं तेच १ मिली ओढून दुसऱ्या बाटलीत सोडायचं. दोन्ही बाटल्यांचं औषध एकाच मिलीत येतं. दर बाटलीला नवीन पाणी घातलं तर पोटात उगाच दोन-तीन मिली टोचावं लागेल. आता जाड सुई काढून बारीक सुई लावा. सिरिंज उभी धरून टिचकी मारा म्हणजे बुडबुडे वर येतील, आणि टोकावर थेंब येईपर्यंत दट्ट्या हळूच दाबा. एखादा बारीक बुडबुडा राहिला तर घाबरू नका, कातडीखाली त्यानं काही होत नाही. कालवलेलं औषध लगेच घ्यायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.

टोचणं

फ्रीजमधलं औषध पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. गार औषध जास्त झोंबतं. गरम पाण्यात मात्र बुडवू नका. एचएमजी तसंही थोडं चुरचुरतं. खूपच त्रास होत असेल तर आधी मिनिटभर रुमालात गुंडाळलेला बर्फ लावा.

जागा बेंबीखाली, बेंबीपासून दोन इंच सोडून, डावीकडे किंवा उजवीकडे. आज डावी तर उद्या उजवी, तेही वहीत लिहा. जुना व्रण, टाके, काळंनिळं झालेला भाग टाळा. स्पिरिटचा बोळा फिरवा आणि जागा वाळू द्या, बायका इथेच घाई करतात. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की आग होते आणि बोल लागतो औषधाला. मग दोन बोटांत चिमूट धरा, दुसऱ्या हातानं सिरिंज पेन्सिलसारखी धरून सुई सरळ, एका दमात आत. सुई लांब असेल किंवा अंगात चरबी कमी असेल तर तिरकी घाला, सेंटरवर दाखवलं असेल तशी. हळूहळू दाबा, दहा आकडे मोजा, सुई काढा, चिमूट सोडा. कापूस नुसता दाबून धरा, चोळू नका.

रक्ताचा एखादा थेंब, रुपयाएवढा लाल डाग, सेट्रोरेलिक्सनंतर थोडी खाज हे चालतं, तास-दोन तासांत ओसरतं. अंगभर पित्त उठलं, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, जवळचं हॉस्पिटल गाठा.

पहिल्या रात्री हात थरथरतातच. एका ताईंनी मला सांगितलं, "सिस्टर, मी वीस मिनिटं सुई धरून बसले होते. शेवटी सासूबाई आल्या, म्हणाल्या, 'दे इकडे, मी म्हशींना टोचलंय.'" त्या माउलीनं दहाही दिवस नेमानं दिलं. घरात कुणाचा हात स्थिर असेल तर त्यात कमीपणा कसला?

विसरलं तर

रोज एकच वेळ ठरवा, तुमच्या दिवसात जी खरोखर जमेल ती. सातचं इंजेक्शन आणि साडेसहाची लोकल असं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, नऊ करून देता येतं. बीजं वाढवणाऱ्या इंजेक्शनला तासाभराचा उशीर झाला तर आभाळ कोसळत नाही. सेट्रोरेलिक्स-गॅनिरेलिक्सच्या बाबतीत मात्र शिस्त हवी, कारण त्यांचा पहारा उठला तर बीज आधीच फुटू शकतं. राहिलंच तर लक्षात येईल त्या क्षणी सेंटरला फोन करा. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरपाई करू नका. आणि खोटं बोलू नका. "घेतलं होतं" म्हणून सांगितलं की डॉक्टर सोनोग्राफी बघून पुढचा डोस चुकीचा ठरवतात.

ट्रिगरची रात्र

सगळ्या इंजेक्शनांत मिनिटांचा हिशोब असतो तो इथे. बीजं बाहेर काढायची ती ट्रिगरनंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी. मंगळवारी रात्री दहाला ट्रिगर, तर गुरुवारी सकाळी नऊला पिकअप, म्हणजे ३५ तास. ट्रिगर उशिरा झाला तर बीजं पिकायची राहतात, लवकर झाला तर ती हातात येण्याआधीच फुटून जाऊ शकतात.

मोठा घोटाळा होतो तो मध्यरात्रीच्या वेळांचा. "१५ तारखेला रात्री साडेबारा" म्हणजे कोणती रात्र? आपण बोलताना १५ ची रात्र म्हणजे १५ ला जेवून झोपतो ती म्हणतो, कॅलेंडर मात्र बारा वाजता पान उलटतं. पूर्ण चोवीस तासांची चूक इथे होऊ शकते. म्हणून विचारा : "म्हणजे सोमवारी रात्री जेवल्यावर ना?" दोन मोबाइलवर गजर लावा, औषध दुपारीच तपासून ठेवा. टोचलेली नेमकी वेळ सेंटरला कळवा. वीस मिनिटं उशीर झाला असेल तर तेही कळवा, पिकअपची वेळ पुढे सरकवता येते. अर्धं औषध सांडलं तर लपवू नका, रात्री कितीही वाजता फोन करा.

एचसीजीचा (प्रेग्नन्सी टेस्ट शोधते तेच हार्मोन) ट्रिगर घेतला असेल तर पुढचे दहा-चौदा दिवस घरी प्रेग्नन्सी टेस्ट करू नका. पट्टीवर दिसणारी दुसरी रेघ इंजेक्शनातल्या एचसीजीची असू शकते. त्या रेघेवर पेढे वाटलेलं घर मी पाहिलंय.

पोट फुगलं तर

अंडाशय मोठी होतात, त्यामुळे थोडं जड वाटणारच. या दिवसांत पळणं, उड्या, झुंबा बंद. वाढलेलं अंडाशय स्वतःभोवती पिळलं जाऊ शकतं. अचानक एका बाजूला सहन न होणारी कळ आली तर ती रात्र काढायची कळ नव्हे.

दुसरा धोका म्हणजे अंडाशयं गरजेपेक्षा जास्त चेतवली जाणं, डॉक्टर त्याला ओएचएसएस म्हणतात. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा त्रास) असलेल्यांना, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) जास्त असलेल्यांना, खूप फॉलिकल्स (बीजं वाढतात त्या पिशव्या) आलेल्यांना हा जास्त संभवतो. तो बहुधा ट्रिगरनंतरच्या दिवसांत दिसतो, म्हणजे इंजेक्शनं संपली म्हणून आपण निर्धास्त होतो तेव्हाच. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करा. एका दिवसात किलोभर किंवा जास्त वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात, सलवारची नाडी अचानक पुरेना, आडवं पडल्यावर धाप लागली किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर लगेच फोन आणि तपासणी. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. आणि या दिवसांत निर्जळी उपास करू नका. देवाला कळतं.

प्रोजेस्टेरॉनचं तेलकट इंजेक्शन

हे पोटात नाही, कमरेखाली स्नायूत जातं, आणि ते स्वतःचं स्वतः देणं अवघड. देणाऱ्याला शिकायला सेंटरवर घेऊन या. कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या चौकोनात जागा पेनानं आखून घ्या, कारण आतल्या बाजूनं पायाची मोठी नस जाते. ॲम्प्यूल काही मिनिटं मुठीत धरली की तेल पातळ होतं. सावकाश द्या, नंतर कोमट कापडानं शेका आणि घरातल्या घरात चाला, म्हणजे गाठी कमी होतात. बाजू रोज बदला. काही कंपन्यांचं तेल शेंगदाण्याचं किंवा तिळाचं असतं, त्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून किंवा थोडं स्पॉटिंग दिसलं म्हणून मनानं बंद करू नका.

वापरलेल्या सुया

सुईला टोपण परत लावायला जाऊ नका, बोट तिथेच टोचतं. कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड रिकामी बाटली घ्या, सुई सिरिंजसकट थेट आत टाका. मोडलेल्या ॲम्प्यूलही त्यातच. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरच्या सुया-सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात मोडत होत्या, पण नियम राहू दे बाजूला. तुमच्या दारातून कचरा नेणाऱ्या मावशी ओला-सुका हातानं वेगळा करतात. बाटली पाऊण भरली की झाकणाला चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा आणि पुढच्या सोनोग्राफीला येताना सेंटरवर घेऊन या.